वेबसाइट रचण्याआधी क्लायंटचे व्यावसायिक उद्दिष्ट कसे पक्के करावे

वेबसाइट करून घ्यायला येणारा व्यावसायिक बहुतेक वेळा तयार उत्तर घेऊनच येतो. 'अमक्यांची आहे तशी करून द्या', 'पाच पाने पुरेत', 'ऑनलाइन पेमेंट हवेच' ही वाक्ये पहिल्याच भेटीत कानावर पडतात आणि आपणही दर सांगून, नमुने दाखवून कामाला लागतो. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीत 'काहीतरी कमी वाटतंय' असे सुरू होते, आणि नेमके काय कमी आहे हे त्यांनाही सांगता येत नाही व आपल्यालाही ओळखता येत नाही, कारण या वेबसाइटने व्यवसायासाठी कोणते काम करायचे हे कोणी ठरवलेलेच नसते. रंग, अक्षरे, छायाचित्रे यांवरचे बहुतेक वाद खरे तर या न ठरलेल्या गोष्टीवरचे वाद असतात. म्हणून आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी उद्दिष्ट कसे शोधायचे, त्याचा हिशोब कसा मांडायचा आणि ते कागदावर कसे आणायचे, हे इथे क्रमाने सांगतो.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण धरून चालू. देवगड तालुक्यातील हापूसचा एक मध्यम बागायतदार आपल्याकडे आला आहे आणि त्याला 'ऑनलाइन आंबा विकायचा' आहे. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेले आहेत. व्यवहाराची रीत मात्र कोकणात चालते तीच आहे.

भेटीआधीची तयारी

ही तयारी तासाभराची आहे, पण ती टाळू नये. व्यवसायाचे नाव गुगलवर टाकून काय दिसते ते पाहावे, गुगल नकाशावरची नोंद कोणाच्या ताब्यात आहे ते विचारून ठेवावे, इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर काही असेल तर त्याखाली लोक काय विचारतात ते वाचावे. दिलेल्या क्रमांकावर ग्राहक म्हणून व्हॉट्सअॅप केले तर उत्तर किती वेळाने आणि कोणाकडून येते, हेही समजते. क्लायंटला भेटीपूर्वी एवढेच सांगावे की गेल्या हंगामाची वही, दलालाकडून आलेल्या हिशोबपट्ट्या आणि ऑर्डर घेणारा फोन सोबत आणा. वेबसाइटचे नमुने आणायला सांगू नये. ते पुढच्या टप्प्याचे काम आहे, आणि नमुने एकदा समोर आले की बोलणे त्यांच्यावरच घसरते.

पहिले बोलणे व्यवसायाचे, वेबसाइटचे नव्हे

पहिल्या बैठकीत 'वेबसाइटवर काय हवे' हा प्रश्न शक्यतो काढूच नये. त्याऐवजी धंदा कसा चालतो ते त्यांच्याच तोंडून सविस्तर ऐकावे: माल कुठे जातो, पैसे कधी आणि कोणाकडून येतात, वर्षातला कोणता काळ धावपळीचा असतो, कोणता ग्राहक परवडतो आणि कोणता डोईजड होतो, फोन कोण उचलतो, गेल्या वर्षी कोणती गोष्ट हातची गेली.

आपल्या बागायतदाराचे उत्तर साधारण असे येईल. त्याचा बराचसा आंबा वाशीच्या बाजार समितीत दलालाकडे जातो. पेटी पाठवल्यावर भाव तिथे ठरतो आणि वाहतूक, हमाली वगैरे वजा होऊन हिशोबपट्टी येते. मुख्य हंगाम मार्च ते मे एवढाच. मोहोराच्या काळात थंडी लांबली किंवा अवकाळी पाऊस झाला तर सगळे वेळापत्रक पुढेमागे होते. पुण्या-मुंबईतली काही घरे मात्र वर्षानुवर्षे थेट त्याच्याकडून पेटी घेतात, आणि तिथे डझनामागे सुटणारा पैसा बाजारापेक्षा चांगला असतो. 'ऑनलाइन विकायचे आहे' या वाक्यामागे खरी गोष्ट ही आहे की हाती येणारा भाव स्वतःच्या हातात असावा. ऑनलाइन हा त्याचा एक मार्ग झाला, उद्दिष्ट नव्हे. 'ते कशासाठी?' हा प्रश्न न कंटाळता दोन-तीनदा विचारला की मार्ग आणि उद्दिष्ट वेगळे होतात. मात्र तो उलटतपासणीच्या सुरात विचारू नये. बागायतदार तो सूर लगेच ओळखतो आणि मग तोंडदेखली उत्तरे देऊ लागतो.

यानंतर वही आणि फोन उघडून घ्यावा. मला स्वतःला या कामातला हा सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो, कारण मालक आपल्या ग्राहकाविषयी जे सांगतो आणि ग्राहक प्रत्यक्षात जे विचारतो त्यांत बरेच अंतर असते. मालक म्हणतो, 'लोकांना आमच्या बागेची परंपरा जाणून घ्यायची असते.' व्हॉट्सअॅपवरचे गेल्या हंगामातले निरोप वाचले की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतात: आंबा कधी सुरू होणार, एका पेटीत किती डझन, फळ कच्चे येणार की तयार, अक्षय्य तृतीयेच्या आधी मिळेल का, कोथरूडला घरपोच द्याल का, एखादे फळ खराब निघाले तर काय. कोणीतरी परदेशातून लिहिलेले असते की डोंबिवलीला आईवडिलांकडे दोन डझन पाठवा, पैसे मी इथून देतो. हे सगळे निरोप मालकाच्या परवानगीने, नावे आणि क्रमांक वगळून, वहीत उतरवावेत आणि कोणता प्रश्न किती वेळा आला याच्या रेघा मारत जावे. मुख्य पानावर काय आधी यायला हवे याचे उत्तर त्या रेघांमध्ये असते. परदेशातून पैसे भरणाऱ्यासाठी पैसे देणारा आणि माल घेणारा यांचे पत्ते वेगळे घेता आले पाहिजेत, परदेशी कार्ड चालले पाहिजे, ही गरज कोणत्याही प्रश्नावलीतून बाहेर आली नसती.

एक प्रश्न शेवटी जरूर विचारावा: 'पुढच्या वर्षी जूनमध्ये आपण भेटलो आणि तुम्ही म्हणालात की वेबसाइट केली ते बरे झाले, तर त्या वेळी काय घडलेले असेल?' या उत्तरात पहिल्यांदा आकडा किंवा ठोस प्रसंग येतो. तो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा.

इच्छेचे उद्दिष्ट करताना हिशोब मांडावा

'विक्री वाढावी' ही इच्छा आहे. किती, केव्हापर्यंत, कोणाकडून आणि मोजणार कोण, हे त्यात आले की ते उद्दिष्ट होते. पण आकडा नुसता ठरवून भागत नाही. तो उलटा उलगडून पाहावा लागतो, आणि तसे करताना बहुतेक वेळा वेबसाइटचे स्वरूपच बदलते.

समजा, बागायतदार म्हणाला की या हंगामात १,००० डझन थेट ग्राहकाला विकायचे. सरासरी ऑर्डर दोन डझनांची धरली तर ५०० ऑर्डर झाल्या. चांगला माल सलग निघण्याचे दिवस साठ धरले तर रोज आठ-नऊ ऑर्डर भरायच्या. आता पहिला प्रश्न असा की रोज आठ-नऊ खोकी भरणे, चिठ्ठ्या लावणे, गाडीवर चढवणे आणि तितक्यांचेच फोन घेणे हे घरातले कोण करणार? उत्तर 'बघू' असे आले तर आकडा खाली आणावा, कारण जी ऑर्डर वेळेवर जात नाही ती पुढच्या वर्षीचा ग्राहकही घेऊन जाते.

दुसरा प्रश्न ५०० ऑर्डर येणार कुठून हा. वेबसाइटवर नव्याने आलेल्या पन्नास जणांत एक जण ऑर्डर देतो असे गृहीत धरले, तर सगळ्या ऑर्डर नव्या ग्राहकांकडून मिळवायला २५,००० भेटी लागतील. जाहिरातीला फारसा पैसा नसलेल्या बागायतदाराला एका हंगामात हे जमणारे नाही, आणि ते त्याला स्पष्ट सांगणे हे आपले काम आहे. आता त्याच्या वहीकडे पाहू. वहीत ३०० जुनी घरे आहेत. त्यांतल्या २०० घरांनी हंगामात दोनदा मागवले तर ४०० ऑर्डर तिथेच झाल्या. उरलेल्या १०० ऑर्डरसाठी ५,००० भेटी पुरतात, आणि जुन्या ग्राहकांनी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दुवा पुढे पाठवला तर त्यातला बराच भाग विनाखर्च होऊ शकतो.

या साध्या हिशोबाने काम पालटले. जे उद्दिष्ट 'नवे ग्राहक मिळवणे' वाटत होते ते आता 'जुन्या घरांनी दुसऱ्यांदा मागवणे सोपे करणे' असे झाले. अशा वेबसाइटला मोठी चित्रफीत आणि बागेचा इतिहास यांपेक्षा आज कोणता माल तयार आहे हे सांगणारी एक पट्टी, मोबाइल क्रमांक टाकताच गेल्या वेळचा पत्ता समोर आणणारा छोटा अर्ज, आणि व्हॉट्सअॅपवर सहज पुढे पाठवता येईल असे पान जास्त उपयोगी पडते. खर्चही कमी होतो. वेबसाइट करणाऱ्याने हा हिशोब क्लायंटसमोर, त्याच्याच वहीतले आकडे घेऊन, कागदावर करावा. घरून तयार करून आणलेल्या तक्त्यावर तितका विश्वास बसत नाही.

व्यवसायाच्या मर्यादा उद्दिष्टात याव्यात

नाशवंत मालाची वेबसाइट ही कपड्यांच्या दुकानासारखी रचली तर पहिल्याच आठवड्यात तक्रारी येतात. फळ झाडावरून उतरल्यावर अढीत पिकायला वेळ घेते, वाटेत गरमी असते, आणि अमुक तारखेला अमुक डझन निघतीलच असे कोणताही बागायतदार सांगू शकत नाही. तेव्हा 'आत्ता खरेदी करा' या बटणापेक्षा आगाऊ नोंदणी आणि आठवड्याचा अंदाज देणे प्रामाणिक ठरते. किती नोंदणी झाल्यावर अर्ज आपोआप बंद व्हावा, पैसे नोंदणीच्या वेळी घ्यायचे की माल निघताना, खराब फळाचे पैसे परत करायचे की पुढच्या पेटीत भरून द्यायचे, हे निर्णय मालकाने घ्यायचे असतात. ते आराखड्याआधी घेतले गेले नाहीत तर ते आपल्याला घाईत आणि चुकीच्या वेळी घ्यावे लागतात.

कायद्याच्या बाजूचे प्रश्नही याच टप्प्यावर विचारावेत. थेट ग्राहकाला ऑनलाइन विक्री करायची तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लक्षात घ्यावे लागतात. विक्रेत्याचे नाव-पत्ता, संपर्क, तक्रार कोणाकडे करायची आणि परताव्याचे धोरण हे स्पष्ट दिसले पाहिजे. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा उल्लेख मुख्य पानावर करायची इच्छा असेल तर बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली आहे का हे विचारावे आणि प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. आमरसाचे डबे विकायचे असतील तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. 'अमेरिकेलाही पाठवू' असे उत्साहाने सांगितले गेले तर तो विषय वेगळा काढावा: २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जाऊ लागला तो कीड रोखणाऱ्या विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि ते काम निर्यातदाराच्या साखळीतून होते, वेबसाइटच्या अर्जातून नव्हे.

दुसऱ्या व्यवसायांत मर्यादा वेगळ्या असतात. वकिलाच्या वेबसाइटसाठी 'अधिक अशील मिळवणे' असे उद्दिष्ट लिहिणेच अडचणीचे आहे, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. २००८ मधील दुरुस्तीनंतर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहितीच वेबसाइटवर देता येते. म्हणून अपरिचित व्यवसायाचे काम घेताना 'तुमच्या व्यवसायाला जाहिरातीचे काही नियम लागू आहेत का' हा प्रश्न पहिल्याच भेटीच्या यादीत असावा.

निर्णय कोणाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये

घरच्या धंद्यात एकच क्लायंट नसतो. आपल्याला बोलावणारा मुलगा पुण्यात नोकरी करणारा असतो, त्याला सगळा आंबा थेट विकायचा असतो. वडील मात्र बोलण्यात हात राखून असतात. त्यामागे ठोस कारण असते. फवारणी आणि खतांच्या वेळी दलालाने उचल दिलेली असते आणि त्या बदल्यात माल त्याच्याकडे जायचा असतो. वेबसाइटवर किरकोळ भाव उघड लावला तर ते नाते बिघडेल ही वडिलांची धास्ती खरी असते, आणि ती मुलासमोर बोलली जातेच असे नाही. अशा वेळी दोघांशी एकत्र बसून तर बोलावेच, पण वडिलांशी बागेत फिरताना वेगळेही बोलावे. 'काका, किती माल वाशीला जायलाच हवा?' एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते. त्या उत्तरातून थेट विक्रीसाठी खरोखर किती डझन मोकळे आहेत हे कळते आणि आधीचा हिशोब पुन्हा तपासावा लागतो. भाव सगळ्यांना दिसावा की नोंदणी केलेल्यांनाच, हा रचनेचा प्रश्न वाटतो, पण त्याचे उत्तर या नात्यात आहे.

उद्दिष्टे एकाहून जास्त निघाली तर त्यांना क्रम लावून घ्यावा. पहिले आणि दुसरे यांच्यात ओढाताण झाली तर कोणते राखायचे, हे विचारावे आणि उत्तर घरातल्या निर्णय घेणाऱ्याकडूनच घ्यावे. 'दोन्ही तितकीच महत्त्वाची' हे उत्तर स्वीकारू नये. सोबत, या वेळी काय करायचे नाही याचीही यादी करावी: आमच्या उदाहरणात आमरसाची विक्री, निर्यात आणि बागेतला पर्यटन-मुक्काम या तीन गोष्टी पुढच्या वर्षावर टाकता येतील.

मोजायचे कसे हे आधीच ठरवावे

आजची स्थिती नोंदवल्याशिवाय उद्याचा फरक सांगता येत नाही. गेल्या हंगामात थेट विक्री किती डझन झाली, किती घरांनी दुसऱ्यांदा मागवले, एका ऑर्डरमागे साधारण किती वेळा फोन किंवा निरोप झाले, किती तक्रारी आल्या, हे वहीतून काढून तारखेसह लिहून ठेवावे. आकडे अंदाजे असले तरी चालतील. ते अंदाजे आहेत एवढे नोंदवावे.

वेबसाइट सुरू झाल्यावर गुगल अॅनालिटिक्समध्ये केवळ भेटी मोजण्यात अर्थ नाही. अर्ज पूर्ण होणे, व्हॉट्सअॅपच्या बटणावर टिचकी आणि फोन क्रमांकावर टिचकी या तीन घटना नोंदवाव्यात, आणि घरच्या वहीत 'कुठून कळले' असा एक रकाना वाढवावा, कारण कोकणातला बराच व्यवहार शेवटी फोनवरच पक्का होतो आणि तो कोणत्याही संगणकीय अहवालात दिसत नाही. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या हंगामाशी करावी. जुलैत भेटी घसरल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवावे.

एका पानाचा कागद

एवढे झाल्यावर जे हाती आले ते एका पानावर, मराठीत, क्लायंट घरी वाचून दाखवू शकेल अशा भाषेत लिहावे. सुरुवातीला मुख्य उद्दिष्टाचे एकच वाक्य: 'येत्या हंगामात, मे अखेरपर्यंत, १,००० डझन हापूस थेट घरांना विकणे, त्यातला मोठा भाग जुन्या ३०० घरांकडून, दुसरी ऑर्डर सोपी करून.' त्याखाली दुय्यम उद्दिष्ट, उदाहरणार्थ एका ऑर्डरमागचे फोन निम्म्यावर आणणे. मग ग्राहक कोण आणि त्यांचे सर्वाधिक विचारले गेलेले प्रश्न, रोज किती ऑर्डर झेपतात, दलालाकडे किती माल जाणार, वेबसाइटवर आंब्याची आजची स्थिती कोण बदलणार आणि किती वाजता, या वेळी काय नाही, आणि आजचे आकडे. 'कोण बदलणार' या ओळीत माणसाचे नाव हवे. 'आम्ही करू' असे लिहिले तर ती पट्टी एप्रिलमध्येही 'लवकरच सुरू' असेच सांगत राहते.

या कागदावर सही घ्यावी किंवा निदान व्हॉट्सअॅपवर 'मान्य' असे उत्तर मागून घ्यावे. मगच पानांची यादी करावी आणि प्रत्येक पानासमोर ते कोणत्या ओळीसाठी आहे हे लिहावे. ज्या पानासमोर काहीच लिहिता येत नाही ते काढून टाकावे. पुढे बदलाची मागणी आली की ती कागदातील कोणत्या उद्दिष्टाला हातभार लावते एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले तर बदल करावा, न मिळाल्यास तो पुढच्या वर्षाच्या यादीत घालावा किंवा वेगळा दर सांगावा. यात वाद होत नाही, कारण दोघेही एकाच कागदाकडे पाहून बोलत असतात.

या टप्प्याचे वेगळे पैसे घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकट केलेल्या चौकशीला क्लायंट वही आणत नाही आणि वेळही देत नाही. शिवाय हिशोबाअंती असेही निघू शकते की वेबसाइटची गरजच नाही, गुगल नकाशावरची नोंद नीट करून व्हॉट्सअॅप बिझनेसवर मालाची यादी लावली तर या वर्षी भागते. चौकशीचे पैसे स्वतंत्र घेतलेले असले तर हे मोकळेपणाने सांगता येते.

हंगाम संपल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यायच्या बैठकीची तारीख त्याच कागदाच्या तळाशी लिहून ठेवावी. त्या बैठकीला हिशोबपट्ट्या, नव्या रकान्यासह भरलेली वही आणि घटनांची मोजणी सोबत घ्यावी, ठरवलेल्या प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्षातला आकडा लिहावा, आणि पुढे टाकलेल्या तीन गोष्टींपैकी कोणती आता हाती घ्यायची हे वडील आणि मुलगा दोघांच्या उपस्थितीत ठरवावे.